शाळेत दात तपासले, पण कीड कमी झाली का हे कोण बघतं?

घणसोली_पालक

नमस्कार. माझी मुलगी घणसोलीतल्या एका मनपा शाळेत दुसरीत आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. मध्यंतरी शाळेत आरोग्य पथक आलं होतं. मुलांचे दात बघितले, मोठ्या जबड्याच्या मॉडेलवर ब्रश कसा फिरवायचा ते दाखवलं, प्रत्येकाला ब्रश आणि छोटी पेस्ट दिली. मुलं खूश होती. समितीच्या बैठकीत अहवाल वाचला गेला. त्यात तारीख, तपासलेले विद्यार्थी, वाटलेले संच, दंतक्षय आढळलेले विद्यार्थी असे रकाने. शेवटचा रकाना 'शेरा', आणि त्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द: संदर्भित, म्हणजे पुढच्या उपचारासाठी दुसरीकडे पाठवलं.

मुलीच्या वर्गातल्या एका मुलाचं कार्ड त्याच्या आईने मला दाखवलं. कंपासपेटीत चार घड्या करून ठेवलेलं. 'दंतक्षय, संदर्भित' एवढंच लिहिलेलं. कुठला दात, कुठे जायचं, कधीपर्यंत, काही नाही. ती पहाटे एपीएमसी मार्केटला कांदा निवडायला जाते. मला म्हणाली, "ताई, हे घेऊन जायचं कुठं?"

मग मी मागच्या वर्षीचा अहवाल मागून घेतला. दोन्ही शेजारी ठेवले तरी काही उलगडेना, कारण तेव्हा तिसरी-चौथी तपासली होती आणि यंदा पहिली-दुसरी. माझा या कार्यक्रमाला विरोध मुळीच नाही. तो टिकावा, दर वर्षी व्हावा असंच वाटतं. पण सरकारी पैसा खर्च होतो, तर त्यातून मुलांचे दात खरंच वाचतात का हे कळायला हवं. समिती म्हणून आम्ही नेमकं काय मोजायला सांगावं?

वागळे_इस्टेट

आमच्याकडे ठाण्यातही हेच चित्र. २०२३ मध्ये राज्याने स्वच्छ मुख अभियान सुरू केलं, सचिन तेंडुलकर त्याचे सदिच्छादूत झाले, तेव्हा आमच्या शाळेत चांगली जागृती झाली होती. मुलं घरी येऊन आम्हालाच रात्री ब्रश करायला सांगायची. पण पुढे कोणाचे दात सुधारले याची नोंद शाळेत कुठेच नाही. या धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

दंतआरोग्य_ठाणे

ताई, मी दातांची डॉक्टर. सार्वजनिक दंतआरोग्य हा विषय घेऊन एमडीएस केलं आणि तेव्हापासून ठाणे जिल्ह्यातल्या शाळा-अंगणवाड्यांमध्येच काम करते. तुमच्या अहवालातले आकडे पथकाने काय केलं ते सांगतात. मुलांच्या तोंडात काय बदललं ते त्यातला एकही आकडा सांगत नाही. तुम्हाला जे खटकलंय तेच मूळ दुखणं आहे.

आधी वयाचं बघू. आमच्याकडे १९३८ पासून चालत आलेलं एक मोजमाप आहे: किडलेले, किडीमुळे काढलेले आणि भरलेले दात यांची बेरीज. डीएमएफटी म्हणतात त्याला. कायमच्या दातांत ही बेरीज कमी होऊच शकत नाही. किडलेला दात भरला की तो एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो, बेरीज तेवढीच राहते. त्यामुळे त्याच मुलांना दर वर्षी मोजलं, तर कार्यक्रम कितीही चांगला असो, आकडा वर तरी जाईल नाहीतर आहे तिथेच राहील. दुधाच्या दातांत उलटं होतं. तिसरी-चौथीपर्यंत बरेच दात पडतात, त्यांच्याबरोबर किडलेलेही पडतात आणि कोणी काही न करता कीड कमी झाल्यासारखी दिसते. तुमचे दोन अहवाल जुळत नाहीत ते यामुळेच.

म्हणून वय एकच धरा. यंदाच्या पहिलीची तुलना पुढच्या वर्षीच्या पहिलीशी. आणि मुख्य आकडा असा ठेवा की पालकसभेत कोणालाही कळेल: पहिलीतल्या किती टक्के मुलांच्या तोंडात एकही किडलेला, भरलेला किंवा किडीमुळे काढलेला दात नाही? हा टक्का वर्षागणिक चढत गेला तर प्रतिबंध होतोय. सातवीतल्या, म्हणजे साधारण बारा वर्षांच्या मुलांचं हेच वेगळं मोजलं तर कायमच्या दातांचंही कळेल. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या देशव्यापी सर्वेक्षणातही पाच आणि बारा ही वयं होती. पाच वर्षांच्या मुलांत किडीचं प्रमाण ५१.९ टक्के आणि बारा वर्षांच्यांत ५३.८ टक्के आलं होतं.

नुसत्या सरासरीवर थांबू नका. दहा मुलांत सहा जणांचे दात स्वच्छ आणि चौघांचे पाच-पाच किडलेले, तर सरासरी येते दोन. कागदावर दोन बरे वाटतात, पण त्या चार मुलांना धड जेवता येत नाही. सर्वांत जास्त कीड असलेल्या एक-तृतीयांश मुलांची सरासरी वेगळी काढायची पद्धत आहे, ती आग्रहाने मागा. आणि टक्के पटावर काढायला सांगा, हजेरीवर नको. तपासणीच्या दिवशी गैरहजर असतात त्यात दाढ दुखते म्हणून घरी राहिलेली आणि आईबापांबरोबर कामावर गेलेली मुलं असतात. त्यांच्यासाठी दुसरी फेरी व्हायलाच हवी.

आता पहिलीच का, तेही सांगते. सहाव्या वर्षाच्या आसपास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते. मी मुलाला आ करायला सांगते, आरशाने गाल बाजूला धरते, कापसाने दाढ पुसते, आणि मग खाचांमधली बारीक काळपट रेघ दिसते. लाळ असते तोवर ती दिसतच नाही. आई म्हणते, "पडेल की ती." ती पडणार नसते, जन्मभराची असते. त्या वेळी खाचा सीलंटने, म्हणजे दाढेवर घट्ट बसणाऱ्या लेपाने, बुजवल्या, वर्षातून किमान दोनदा फ्लोराइड वार्निश (दातांवर ब्रशने लावायचा फ्लोराइडचा लेप) लावलं आणि घरी रोज फ्लोराइडची पेस्ट वापरली, तर ती दाढ वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. वार्निश लावायला मिनिटभर पुरतं, पण एकदा लावून भागत नाही. तेव्हा नोंदीत प्रत्येक मुलापुढे वार्निशच्या दोन तारखांची जागा हवी.

हे जमतं का, असं मला अनेकजण विचारतात. स्कॉटलंडमध्ये जमलंय. तिथे 'चाइल्डस्माइल' या सरकारी कार्यक्रमात बालवाड्यांमध्ये मुलांकडून रोज देखरेखीखाली ब्रश करून घेतात. आणि दात मोजायचं काम वेगळी राष्ट्रीय तपासणी करते, तीत मुलांच्या घरी निकालाचं पत्रही जातं. पहिलीच्या वयाच्या मुलांत कीड न दिसलेल्यांचं प्रमाण २००३ मध्ये ४५ टक्के होतं, २०१८ मध्ये ७१ टक्के झालं. इतकी वर्षं एकाच वयाची मुलं एकाच पद्धतीने मोजली, म्हणून हे छातीठोकपणे सांगता येतं. आपल्याकडे दर वर्षी तपासणारा बदलतो. एकाला जी कीड वाटते तो दुसऱ्याला नुसता डाग वाटतो. निदान दहा-पंधरा मुलं दोघांनी स्वतंत्रपणे बघून निकाल ताडून घ्यावेत. त्याला जास्तीचा खर्च काही नाही.

निवृत्त_औषधनिर्माता

डॉक्टर मॅडम बरोबर सांगतात. मी शाळा-अंगणवाड्यांत मुलं तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकात होतो, त्या बाजूचं थोडं लिहितो. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला, आणि पालघर तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक नर्स आणि एक औषधनिर्माता. दातांचा डॉक्टर नसतो. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी, तीही जन्मजात दोषांपासून दृष्टी, कान, रक्तक्षय सगळ्याची. दंतक्षय त्यातला एक. उपचार पुढे जिल्हा पातळीवरच्या केंद्रात किंवा रुग्णालयात होतात. पथक मनापासून काम करतं, पण मूल तिथे पोचलं की नाही हे बघायला त्याच्याकडे दिवस उरत नाही. आई-वडिलांची त्या दिवसाची मजुरी बुडते हेही धरा. शाळेने ठरलेल्या दिवशी आठ-दहा मुलांना एकत्र नेलं तर फरक पडतो, हे मी मुरबाडकडे बघितलंय.

कळवा_माहिती_अधिकार

ताई, तुमच्या समितीत कायद्याने तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा आधी ठराव करून लेखी विचारा. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत. फी १० रुपये. 'का केलं नाही' असं विचारू नका, कागद मागा: अमुक शाळेत किती मुलं संदर्भित झाली, किती जणांवर उपचार झाले, त्या नोंदवहीच्या आणि वार्निशच्या साठा नोंदवहीच्या प्रती. मुलांची नावं मागू नका, ती झाकून द्या असं अर्जातच लिहा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी काळजी नको. कलम ६(३) प्रमाणे त्यांनी पाच दिवसांत अर्ज योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

घणसोली_पालक

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या बैठकीत ठराव मांडते: पहिली आणि सातवी दर वर्षी, पटावर टक्के, गैरहजर मुलांसाठी दुसरी फेरी. वर्गशिक्षिका मात्र आत्ताच धास्तावल्यात. आधीच ऑनलाइन माहिती भरून त्यांचा जीव मेटाकुटीला आलाय. त्यांच्यावर किती टाकावं?

दंतआरोग्य_ठाणे

दात मोजायचं काम बाईंना अजिबात देऊ नका, ते आमचं. त्यांनी फक्त संदर्भित मुलांपुढे तीन गोष्टी लिहायच्या: गेला का, काय उपचार झाला, गेला नसेल तर कशामुळे. तिसऱ्यातून सर्वांत जास्त कळतं, ते रिकामं ठेवू देऊ नका. दात मोजण्यासाठी नेरुळ-खारघरकडच्या डेंटल कॉलेजांच्या सार्वजनिक दंतआरोग्य विभागांना शाळेतर्फे पत्र द्या, विद्यार्थ्यांना अशा कामाचा अनुभव हवाच असतो.

आणि त्या कंपासपेटीतल्या कार्डाचं आधी बघा. मुलाला रात्री दाढ दुखून जाग येते का, हिरडीवर पुळी आहे का, हे त्याच्या आईला विचारा. असेल तर पुढच्या फेरीची वाट बघायची नाही, याच आठवड्यात मनपा रुग्णालयात दाखवा. गालाला सूज आणि ताप असेल तर त्याच दिवशी.