‘डल म्हणजे बोअरिंग’ हा तक्ता मुलांना देऊ नका

पाटीपेन्सिल :
‘रोजचं इंग्रजी’ नावाचा एक तक्ता सध्या पालकांच्या गटांत फिरतोय. त्यातली एक नोंद जशीच्या तशी देते : ‘डल = बोअरिंग = कंटाळवाणा. दोन्ही शब्द कुठेही अदलाबदलीने वापरा. वस्तूंना डल म्हणणं ही भारतीयांची चूक आहे, सुरीला ब्लंटच म्हणा.’ एवढ्याशा नोंदीत सगळंच चुकलंय आणि खाली धन्यवादांची रांग लागलीय. म्हणून जरा लांबण लावते.

डल हे विशेषण उणेपणा दाखवतं. जिथे धार, तकाकी किंवा चपळाई हवी तिथे ती नाही. पुढे कुठलं नाम आलंय ते बघितल्याशिवाय मराठी प्रतिशब्द देताच येत नाही. सुरी डल म्हणजे बोथट. पितळेचं भांडं डल म्हणजे कळाहीन. आभाळ डल म्हणजे कुंद. आवाज डल म्हणजे न घुमणारा, धान्याचं पोतं जमिनीवर टाकल्यावर येतो तसा. बाजार डल म्हणजे मालाला उठाव नाही. भाषण डल म्हणजे रटाळ. ‘कंटाळवाणा’ बसतो तो फक्त या शेवटच्या जागी.

बोअरिंग हा शब्द समोरच्याला काय वाटतं ते सांगतो. म्हणून तर कंटाळा आल्यावर ‘आय अ‍ॅम बोअरिंग’ म्हणणारं मूल प्रत्यक्षात ‘मी रटाळ माणूस आहे’ असं सांगत असतं. तिथे ‘बोअर्ड’ हवं. आणि ‘आय फील डल’ म्हणजे मरगळ आलीय. तिचा कंटाळ्याशी संबंध असेलच असं नाही. राहिली सुरी. अमेरिकेत सर्रास ‘डल नाइफ’ म्हणतात, ब्रिटनमध्ये ‘ब्लंट’कडे कल असतो. यात भारतीयांची चूक कुठे आली?

सोपंइंग्रजी :
तक्ता माझा आहे. ज्या मुलांना इंग्रजी वाक्य उच्चारायचीच धास्ती वाटते त्यांच्यासाठी तो केलाय. त्यांच्यापुढे एका शब्दाचे सात अर्थ ओतले तर ती सातही विसरतात. शिवाय ‘कंटाळवाणा’ हा अर्थ मी घरी बसून रचलेला नाही. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात डलचा आठवा अर्थ तोच आहे आणि खाली उदाहरण दिलंय : कोश करणं हे डल काम आहे. आज सिनेमाचं परीक्षण उघडा, क्रिकेटच्या कसोटीचं वृत्त उघडा, डल याच अर्थाने भेटतो.

पाटीपेन्सिल :
आठवा ना? मग ‘मठ्ठ’ आणि ‘बोथट’ हे अर्थ त्याच कोशात त्याच्या आधी आहेत, ते का गाळले? जुन्या इंग्रजीतल्या ‘डोल’चा अर्थ मुळात मूर्ख असा होता. बुद्धीची धार, मग पात्याची, मग रंगाची आणि आवाजाची. सगळे अर्थ देऊ नका, दोन द्या. पण ‘कुठेही अदलाबदल करा’ हे वाक्य खोडा. खरं नुकसान त्या वाक्याने होतंय.

मागचाबाक :
‘मठ्ठ’ निघालाच आहे तर माझा खरा राग सांगतो. आपल्याकडच्या शाळांत अजून ‘डल स्टुडंट’ हे शब्द पोराच्या तोंडावर बोलले जातात. त्या शेऱ्यातून पालकाला काय कळतं? काहीच नाही. ‘जोडाक्षरं गाळतो’, ‘हातच्याची वजाबाकी चुकते’, ‘फळ्यावरचं उतरवताना ओळ सोडतो’ असं लिहा, म्हणजे घरी काय करायचं ते समजेल. फळ्यावरचं सुटत असेल तर आधी डोळे तपासायचे, तोंडी सांगितलेलं सुटत असेल तर कान. डल म्हटलं की तपासणीच थांबते. तुम्ही शब्दाच्या अर्थांवर भांडताय, इथे माणसावर शिक्का बसतोय.

सोपंइंग्रजी :
माझ्या तक्त्यात विद्यार्थ्याचा उल्लेखसुद्धा नाही. नसलेल्या गोष्टीसाठी मला बोल लावू नका.

नाडीपरीक्षा :
अदलाबदलीचं वाक्य का घातक आहे ते दवाखान्यात येऊन बघा. ‘डल पेन’ म्हणजे सतत मंद दुखणं, नेमकी जागा बोटाने दाखवता न येणारं. अपेंडिक्सला सूज येते तेव्हा सुरुवात बहुधा अशीच होते, बेंबीभोवती. काही तासांनी ते दुखणं उजवीकडे खाली सरकतं आणि तीव्र होतं. आता इथे ‘बोअरिंग पेन’ म्हणा. वैद्यकीय इंग्रजीत हाही खराखुरा शब्द आहे, पण अर्थ आहे गिरमिटाने आरपार भोक पाडल्यासारखी वेदना. स्वादुपिंडाला सूज आली की पोटातून पाठीत घुसते ती. म्हणजे तक्त्याप्रमाणे शब्द बदलला की लक्षणच बदललं.

आवाजाचंही तसंच. पोटावर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकलं की आतड्यातल्या हवेमुळे पोकळ नाद येतो, आजारामुळे पोटात पाणी साचलं असेल तिथे डल. रुग्ण उताणा असताना बेंबीपासून कुशीकडे ठोकत जायचं, नाद डल झाला तिथे बोट धरून ठेवायचं, रुग्णाला दुसऱ्या कुशीवर वळवायचं, अर्धा-एक मिनिट थांबून तिथेच परत ठोकायचं. आता पोकळ नाद आला तर पाणी खाली सरकलं. पाणी थोडं असेल तर हे कळत नाही, साधारण दीड लिटरच्या आसपास लागतं.

कुरुंद :
सुरीवर कुणी नीट बोललंच नाही. ‘बोथट’ म्हणून मोकळे झालात, पण धार दोन तऱ्हांनी जाते. एकीत कड एका अंगाला वळते; पोलाद तिथेच असतं, फक्त आडवं झालेलं. ती धारेच्या सळईवर चार-पाचदा हलक्या हाताने ओढली की सरळ होते. दुसरीत कड झिजून गोल होते. तिथे सळई कितीही घासा, काही होत नाही, दगडच लागतो. १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) पाण्याचा दगड दहा मिनिटं भिजवा. पातं ४ सेंटीमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून १ सेंटीमीटर वर धरा, म्हणजे साधारण १५ अंश होतात. पलीकडच्या बाजूला तारेसारखी खरखरीत कड बोटाला लागेपर्यंत एकच बाजू घासायची. ती कड येण्याआधी बाजू बदलली तर धार लागतच नाही, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच.

घरधनीण :
एवढा पसारा कोण मांडणार, दादा? सायकलवर चाक घेऊन दारात येतो त्याच्याकडे द्या, काम झालं.

कुरुंद :
ताई, काम होत नाही, सुरी खराब होते. कोरड्या चाकावर कड इतकी तापते की निळी पडते. निळी पडली म्हणजे पाणी उतरलं, पोलाद मऊ झालं. अशी धार दोन दिवस छान चालते आणि मग पुन्हा बसते. चाक चालवणाऱ्याला घाई नको म्हणावं, मध्ये मध्ये पाण्यात बुडवायला सांगावं. कसब त्याच्याकडे असतं, घाई आपल्याला असते.

घरधनीण :
निळ्या कडेचं मान्य. पण विळीचं काय? ती पाटाला ठोकलेली असते, तुमच्या दगडावर आडवी कशी करू? स्वयंपाकघरात निम्मं चिरणं विळीवर होतं आणि तुम्ही सुरीचे अंश मोजताय.

कुरुंद :
विळीला दगड पात्याकडे न्यायचा. पाट पायाने दाबून धरा, दगडाचा छोटा तुकडा घ्या, पाठीकडून धारेकडे एकाच दिशेने ओढा. बोटं कायम दगडाच्या मागे. मग घट्ट पुसून तेलाचा हात द्या, लोखंडी पातं ओलं राहिलं तर रात्रीत गंजतं. आणि धार गेली की नाही ते टोमॅटो न चिरताही कळतं. कड दिव्याकडे करा. धार चांगली असेल तर कडेवर काही दिसत नाही. बोथट असेल तर तिथे पांढरी रेघ चमकते.

पाटीपेन्सिल :
हे सोपंइंग्रजी यांनी वाचावं. पातं डल झालं की कड चमकते आणि भांडं डल झालं की चमक जाते. पुढचं नाम सोडून दिलं तर हा शब्द शिकवणार कसा?

सोपंइंग्रजी :
‘कुठेही अदलाबदल’ काढतो. सुरीची ओळही काढतो. ती दुखण्याच्या उदाहरणामुळे काढतोय, तुमच्या आवाजामुळे नाही. ‘कंटाळवाणा’ मात्र पहिल्या जागीच राहील, कारण माझ्या मुलांना तो अर्थ वाचनात आधी भेटतो.

पाटीपेन्सिल :
राहू दे पहिला. खाली ‘डल पेन, डल नाइफ, डल स्काय’ एवढी तीन उदाहरणं छापा, मीच तो तक्ता पुढे पाठवते.

मागचाबाक :
आणि चौथी ओळ लिहा : माणसाला लावू नये.