तीन क्वार्टरबॅक, तीन कोच, तीच चूक: शिकागो बेअर्सचं नेमकं बिघडतंय कुठे?

सोल्जरफील्ड_उत्तर · १ डिसेंबर २०२४

आपले बेअर्स, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधला शिकागोचा संघ, गुरुवारी डेट्रॉइटमध्ये २३-२० ने हरले आणि शुक्रवारी हेड कोच मॅट एबरफ्लूस यांना काढलं. बेअर्स १९२० पासून खेळताहेत. हंगाम चालू असताना हेड कोच काढायची वेळ या संघावर पहिल्यांदाच आली. विजय-पराभव ४-२ वरून ४-८, सलग सहा पराभव.

शेवटचं अर्धं मिनिट सगळ्यांनी पाहिलंच असेल. आपला क्वार्टरबॅक (पास देणारा, आक्रमण चालवणारा) केलेब विल्यम्स चेंडूसकट पाडला गेला, म्हणजे सॅक झाला. मग तिसरा डाउन (दहा यार्ड पुढे सरकायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा), २६ यार्ड बाकी, चेंडू डेट्रॉइटच्या ४१ यार्ड रेषेवर, एक टाइमआउट (घड्याळ थांबवायची संधी) शिल्लक. घड्याळ पळत राहिलं, स्नॅप झाला (चेंडू मागे देऊन खेळ सुरू झाला) तेव्हा ६ सेकंद उरली होती, विल्यम्सचा लांब पास जमिनीवर पडला आणि सामना संपला. टाइमआउट तसाच पडून राहिला.

पण माझा राग त्या अर्ध्या मिनिटापुरता नाही. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंची संघांनी क्रमाने केलेली निवड) दुसऱ्या क्रमांकावर मिच ट्रुबिस्की घेतला, हंगाम संपताच जॉन फॉक्सना काढलं. २०२१ मध्ये अकराव्या क्रमांकावर जस्टिन फील्ड्स घेतला, त्याच हंगामानंतर मॅट नॅगी गेले. २०२४ मध्ये पहिल्या क्रमांकावर विल्यम्स, आणि एबरफ्लूस तर हंगामही पुरा करू शकले नाहीत. तीनदा पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक, तीनही वेळा त्याचा कोच पहिल्याच वर्षी बाहेर. हा योगायोग मानायला मी तयार नाही.

मला विचारायचंय ते असं: दोष ड्राफ्ट करणाऱ्या जनरल मॅनेजरचा, कोचचा, की दोघांना जोडणाऱ्या पद्धतीचा? आणि डेट्रॉइटमध्ये तो टाइमआउट नेमका कधी घ्यायला हवा होता?

चौथा_डाउन · १ डिसेंबर २०२४

पद्धतीचा. त्यातही तारखांचा.

एनएफएलचं वर्ष ठरलेलं असतं. कोच जानेवारीत नेमतात, मोकळे झालेले खेळाडू मार्चमध्ये करारबद्ध होतात, ड्राफ्ट एप्रिलच्या शेवटी. म्हणजे एप्रिलमध्ये क्वार्टरबॅक घ्यायचा असेल तर त्याला घडवणार कोण, हा निर्णय जानेवारीतच लागलेला असतो. जानेवारी २०२४ मध्ये बेअर्सना पक्कं ठाऊक होतं की पहिला पिक (ड्राफ्टमधली निवड) आपल्याकडे आहे, कारण तळाच्या संघाला तो मिळतो, कॅरोलिनाचा हंगाम २-१५ असा संपला होता आणि त्यांचा पिक सौद्यात आपल्याकडे आला होता. तेव्हा एबरफ्लूस यांची दोन वर्षांची कामगिरी १०-२४ होती. तरी त्यांना ठेवलं, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमण आखणारा सहायक कोच) ल्यूक गेट्सीला काढलं आणि शेन वॉल्ड्रनला आणलं. वॉल्ड्रन नोव्हेंबरच्या मध्यालाच गेला. २०१७ मध्येही तेच: फॉक्स ३-१३ वरून येत होते. ज्या कोचवर पुढच्या जानेवारीत भरवसा राहील की नाही हे माहीत नाही, त्याच्या हाती नवा क्वार्टरबॅक द्यायचाच नसतो.

कोच बदलला तर एवढं काय बिघडतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. प्लेबुक (संघाच्या ठरलेल्या चालींचं, म्हणजे प्लेंचं, पुस्तक) बदलणं म्हणजे फक्त नवे शब्द पाठ करणं नव्हे. क्वार्टरबॅकची पावलं रिसीव्हरच्या (पास झेलणाऱ्याच्या) रूटला (धावण्याच्या वाटेला) बांधलेली असतात. तीन पावलांवर चेंडू सुटायचा की पाच पावलांवर, पहिली नजर डावीकडे की मधे, ब्लिट्झ (जादा बचावपटूंचा हल्ला) आली तर संरक्षणाची दिशा सेंटर (समोरच्या फळीच्या मधला खेळाडू) ठरवणार की क्वार्टरबॅक, हे सगळं बदलतं. दुसऱ्या वर्षी खेळाडूला खेळ सावकाश दिसायला लागायला हवा. त्याऐवजी हा परत पावलं मोजत बसतो. नव्या हेड कोचच्या संघाला वसंतातला सराव इतरांपेक्षा दोन आठवडे आधी सुरू करता येतो, पण त्या सवलतीनं हे भरून निघत नाही.

दुसरा मुद्दा, हेड कोच बचावाकडचा असण्याचा. त्याचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर चांगला निघाला तर दुसरा संघ त्याला हेड कोच म्हणून उचलतो, वाईट निघाला तर काढावा लागतो. दोन्हीकडून क्वार्टरबॅकचाच शिक्षक जातो. म्हणून प्ले सांगणारा माणूसच हेड कोच हवा. कॅन्सस सिटीत २०१७ मध्ये हेड कोच अँडी रीड होते. त्यांनी नवा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सला अ‍ॅलेक्स स्मिथमागे बसवलं, शेवटचा एकच सामना सुरुवातीपासून खेळवला आणि पुढच्या वर्षी त्याच पुस्तकातून त्यानं ५० टचडाउन पास दिले.

पिकमोजणी · २ डिसेंबर २०२४

ट्रुबिस्कीसाठी "लुटले गेलो" असं दर वेळी म्हटलं जातं. आकडे मांडून बघू.

आयपीएलच्या लिलावात पैसे मोजतात, ड्राफ्टमध्ये क्रम मोजतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॅलसमध्ये जिमी जॉन्सन यांच्या काळात क्रमांकांना गुण देणारा एक तक्ता तयार झाला. आता बहुतेक संघ स्वतःचे तक्ते वापरतात, पण अंदाज बांधायला जुना अजूनही पुरतो. पहिला पिक ३०००, दुसरा २६००, तिसरा २२००, दहावा १३००, अकरावा १२५०, विसावा ८५०, सत्ताविसावा ६८०. मग उतार झपाट्यानं: सदुसष्टावा २५५, एकशे अकरावा ७२.

बेअर्स तिसऱ्यावरून दुसऱ्यावर गेले, म्हणजे फरक ४०० गुणांचा. दिलं काय? ६७ वा, १११ वा आणि २०१८ चा तिसऱ्या फेरीतला, जो पुढे ७० वा ठरला (२४० गुण). एकूण ५६७. कॅन्सस सिटी महोम्ससाठी सत्ताविसाव्यावरून दहाव्यावर गेली, फरक ६२० चा. त्यांनी ९१ वा (१३६) आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला दिला, जो २२ वा ठरला (७८०). एकूण ९१६. म्हणजे तक्त्याप्रमाणे कॅन्सस सिटीनं बेअर्सपेक्षा जास्त उधळले, आणि तरी इतिहासातला एक सर्वोत्तम सौदा केला.

किमतीत चूक नव्हती. चूक अशी की समोर स्पर्धक आहे असं गृहीत धरलं. दुसऱ्या क्रमांकावरच्या सॅन फ्रान्सिस्कोला क्वार्टरबॅक नको होता, त्यांनी तिसऱ्यावर सॉलोमन थॉमस हा बचावातला खेळाडू घेतला. आणि ज्याच्यासाठी एवढं केलं त्यानं कॉलेजमध्ये फक्त १३ सामने सुरुवातीपासून खेळले होते. तेवढ्या चित्रफितीवरून तो दबावाखाली काय करतो हे कळतच नाही. घालवलेल्या पिकांचं दुःख वेगळंच. ६७ वा हातोहात न्यू ऑर्लिन्सकडे गेला आणि त्यावर आल्व्हिन कमारा आला, ७० व्यावर सॅन फ्रान्सिस्कोनं फ्रेड वॉर्नर घेतला; दोघंही पुढे बडे खेळाडू ठरले.

फील्ड्सचा सौदा मात्र तक्त्यावरही महाग पडला. विसाव्यावरून अकराव्यावर, फरक पुन्हा ४००. त्यासाठी २०२२ चा पहिल्या फेरीतला पिक, शिवाय एक चौथ्या आणि एक पाचव्या फेरीतला. बेअर्स ६-११ राहिले आणि तो पिक सातवा ठरला, म्हणजे १५०० गुण. पुढच्या वर्षीचा पिक देताना आपण आपल्याच संघाच्या निकालावर पैज लावत असतो. कोचची खुर्ची डळमळीत असताना ती पैज लावू नये. इथे चौथा_डाउन यांचा मुद्दा आणि माझे आकडे एकाच जागी येतात.

२०२३ चा सौदा याच्या बरोबर उलट, आणि जनरल मॅनेजर रायन पोल्सना त्याचं पूर्ण श्रेय द्यायला हवं. पहिला पिक कॅरोलिनाला देऊन ९ वा, ६१ वा, २०२४ चा पहिल्या फेरीतला, २०२५ चा दुसऱ्या फेरीतला आणि रिसीव्हर डी. जे. मूर मिळवले. पुढच्या वर्षी तोच पहिल्या क्रमांकाचा पिक होऊन परत आला. इतकं भांडवल हातात असताना आपण डिसेंबरमध्ये नवा कोच शोधतोय, याचंच जास्त वाईट वाटतं.

लेफ्ट_टॅकल · २ डिसेंबर २०२४

क्रमाचा मुद्दा अर्धाच खरा आहे. कॅरोलिनाचंच बघा. जानेवारी २०२३ मध्ये फ्रँक राइख नेमले, एप्रिलमध्ये ब्राइस यंग घेतला. कोच आधी, क्वार्टरबॅक नंतर, राइख स्वतः क्वार्टरबॅक राहिलेले. ११ सामन्यांत १-१० आणि राइख बाहेर. त्याच वर्षी ह्यूस्टननं बचावाकडचे डेमिको रायन्स नेमले, दुसऱ्या क्रमांकावर सी. जे. स्ट्राउड घेतला आणि १०-७ करून दाखवलं. तुमच्या नियमात दोन्ही बसत नाहीत.

माझ्या मते बेअर्सचा रोग लाइनमध्ये (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या पाच जणांच्या फळीत) आहे. आधी कळस, मग पाया. सप्टेंबर २०२१ मध्ये क्लीव्हलंडला फील्ड्सची पहिली सुरुवात आठवा: ९ सॅक, २० पैकी ६ पास पूर्ण, ६८ यार्ड. सॅकमधले यार्ड वजा केल्यावर पासिंगचा निव्वळ हिशेब १ यार्ड. क्लीव्हलंडचा बचावपटू माइल्स गॅरेट एकटा साडेचार सॅक करत होता, तरी नॅगींनी त्याच्या बाजूला टाइट एंड किंवा रनिंग बॅक मदतीला पुरेसा ठेवला नाही. लाइननं क्वार्टरबॅकभोवती धरलेली जागा सरकवली नाही, क्वार्टरबॅकला धावत पास द्यायला लावलं नाही. ही शुद्ध कोचिंगची चूक.

यंदाचा ड्राफ्ट मात्र जनरल मॅनेजरच्या खात्यावर. एकूण पाच पिक: क्वार्टरबॅक, मग नवव्यावर रिसीव्हर रोम ओडुन्झे, तिसऱ्या फेरीत टॅकल (लाइनच्या टोकाचा खेळाडू) किरान अमेगाजी, चौथ्या फेरीत पंटर (चेंडू लाथेनं लांब मारणारा) टोरी टेलर, पाचव्यात एज रशर (कडेनं हल्ला करणारा बचावपटू) ऑस्टिन बुकर. दुसऱ्या फेरीतला पिक बचावपटू मॉन्टेझ स्वेटसाठी आधीच वॉशिंग्टनला गेलेला. टेलर उत्तम पंटर आहे, वाद नाही. पण ज्या संघाच्या आतल्या तीन जागा, दोन गार्ड आणि सेंटर, पक्क्या नाहीत त्या संघाला चौथ्या फेरीत पंटर परवडत नाही. बाहेरून आलेला धोका क्वार्टरबॅकला दिसतो आणि तो पुढे पाऊल टाकून सुटतो. मधून आलेला थेट तोंडावर येतो, त्याला पाऊल टाकायला जागाच उरत नाही.

प्रत्येक सॅक लाइनच्या माथी मारू नये, हेही सांगतो. सामना परत बघताना स्नॅपपासून मोजा. अडीच सेकंदांच्या आत पडला तर बहुतेक वेळा लाइन किंवा संरक्षणाची चुकीची हाक. तीन सेकंदांनंतर पडला तर आधी रिसीव्हर मोकळे होते का ते बघा. मोकळे असतील तर दोष चेंडू धरून ठेवणाऱ्याचा, नसतील तर प्ले रचणाऱ्याचा. विल्यम्सचे तिन्ही प्रकारचे सापडतील. आणि ब्लिट्झ दिसत असूनही आखूड रूटवर कोणीच नसेल, तर ती चूक शंभर टक्के कागदावरची.

चौथा_डाउन · २ डिसेंबर २०२४

कॅरोलिनाचा दाखला मान्य. पण तिथे मालकानं २०१९ पासून पूर्ण वेळचे तीन हेड कोच हंगाम चालू असताना काढले. क्रम बरोबर असूनही धीर नसेल तर उपयोग नाही, इतकंच त्यातून दिसतं. लाइनबद्दल मतभेद नाही.

आता टाइमआउट. तीन गुण देणाऱ्या किकचं अंतर काढायचं तर चेंडू जिथे आहे त्यात १७-१८ यार्ड मिळवा: १० एंड झोनचे (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याचे), उरलेले स्नॅप मागे जातो त्याचे. ४१ वरून म्हणजे ५८-५९ यार्ड. आपल्या किकर कायरो सँटोससाठी ते फार लांब. ८-१० यार्ड मिळाले तर ५० च्या आसपास, ते जमू शकतं.

मार्ग दोन. एक, सॅक होताच टाइमआउट घ्या. अर्धं मिनिट आणि दोन डाउन हातात राहतात, मात्र पास बाजूच्या रेषेकडेच द्यावा लागतो, कारण नंतर घड्याळ थांबवायला काही उरत नाही. दोन, टाइमआउट राखा, धावत लाइनवर या, १८ सेकंदांच्या आसपास स्नॅप घ्या, मधे आखूड पास द्या, पडताक्षणी टाइमआउट आणि किक. एबरफ्लूस यांचा बेत दुसराच होता, तो चुकीचाही नव्हता. पण लाइनवर गोंधळ दिसतोय, घड्याळ १५ च्या खाली गेलंय, तेव्हा बेत सोडून तिथेच टाइमआउट घ्यायचा असतो. बहुतेक संघांत घड्याळ सांभाळणारा एक सहायक हेडसेटवर असतो. त्यानं आकडा ओरडायचा आणि हेड कोचनं विचार न करता हात वर करायचा, हे शनिवारी सरावात घोटून घेतात.

आणि हे एकदाच झालेलं नाही. ग्रीन बेविरुद्ध १७ नोव्हेंबरला आणखी यार्ड मिळवण्याऐवजी घड्याळ ३ सेकंदांपर्यंत जाऊ दिलं, ४६ यार्डांची किक अडवली गेली, २०-१९. वॉशिंग्टनला २७ ऑक्टोबरला शेवटच्या काही सेकंदांत बाजूच्या रेषेजवळ १३ यार्डांचा पास सहज देऊन टाकला, त्यामुळेच त्यांचा क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्सला ५२ यार्डांचा हेल मेरी (शेवटच्या क्षणी आशेवर फेकलेला लांब पास) आवाक्यात आला. त्याच सामन्यात एक यार्ड लाइनवर चेंडू डग क्रेमर या लाइनमनच्या हातात दिला आणि तो निसटला. डिआंद्रे स्विफ्टसारखा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) संघात असताना.

सोल्जरफील्ड_उत्तर · ३ डिसेंबर २०२४

१५ सेकंदांचा नियम पटला. सॅक मोजायची पद्धत या आठवड्यात सगळ्या सामन्यांना लावून बघतो. कोच शोधताना "स्वतः प्ले सांगणारा" ही अट वरच्यांनी ठेवावी एवढीच इच्छा.

लेफ्ट_टॅकल · १६ मार्च २०२५

धागा वर आणतोय कारण आता बोलण्यासारखं घडलंय. हंगाम ५-१२ वर संपला, विल्यम्सला एकूण ६८ सॅक. जानेवारीत डेट्रॉइटचे बेन जॉन्सन हेड कोच झाले, प्ले तेच सांगणार. आणि लाइनच्या मधल्या तिन्ही जागा महिनाभरात बदलल्या: कॅन्सस सिटीकडून जो थूनी (२०२६ चा चौथ्या फेरीतला पिक देऊन), रॅम्सकडून जोना जॅक्सन (यंदाचा सहाव्या फेरीतला), आणि सेंटर ड्रू डाल्मन करारावर. जॅक्सननं डेट्रॉइटमध्ये जॉन्सन यांच्याच पुस्तकातून खेळ केलाय, म्हणजे हाका समजावून सांगणारा एक माणूस लाइनमध्येच मिळाला.

विल्यम्सला दुसऱ्या वर्षी नवं पुस्तक, हे याही वेळी टळलं नाही.

उरला लेफ्ट टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाची जागा. ब्रॅक्स्टन जोन्सचा घोटा डिसेंबरमध्ये मोडला आणि त्याच्या कराराचं हे शेवटचं वर्ष. हातात १० वा, ३९ वा आणि ४१ वा पिक. दहाव्यावर मनासारखा टॅकल नसेल तर ओढूनताणून घेऊ नये, पण दुसऱ्या फेरीतल्या दोनांपैकी एक तरी टॅकलवर लावावाच.

पिकमोजणी · १६ मार्च २०२५

जुन्या तक्त्यावर ३९ वा आणि ४१ वा मिळून हजार गुणांच्या आसपास भरतात, म्हणजे सोळाव्या क्रमांकाइतके. वर सरकायचा मोह होईल. यंदा तो टाळावा. त्यातला एक पिक मागे सरकवून तिसऱ्या फेरीच्या आत आणखी एक लाइनमन मिळत असेल तर तो सौदा मी डोळे झाकून करेन.