मदत हवी आहे: जुन्या रोडस्टरसाठी परवडणारे, पण पकड असलेले टायर (पुणे)

उघडं_छप्पर

नमस्कार मंडळी,

आठ महिन्यांपूर्वी एक जुना हट्ट पुरवून घेतला. २०१२ची बीएमडब्ल्यू झेड४, एसड्राइव्ह ३५आय, सेकंडहँड. ३ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, ३०६ अश्वशक्ती, आणि ही सगळी ताकद मागच्या चाकांवर. आईच्या मते दोन माणसं आणि एक डबा मावतो त्याला गाडी म्हणत नाहीत. असो.

गेल्या आठवड्यात बाणेरहून पाषाणकडे येताना खड्डा चुकवता आला नाही. आवाज ऐकूनच पोटात गोळा आला. रिम वाचलं, पण डाव्या मागच्या टायरला बाजूने लिंबाएवढा फुगा आलाय. पंक्चरवाल्याने चारही टायर निरखून पाहिले आणि म्हणाला, "साहेब, नक्षी बरीच शिल्लक आहे, पण रबर लाकूड झालंय." तारखेचे आकडे ३२१७, म्हणजे २०१७ सालचा बत्तिसावा आठवडा. आधीच्या मालकाने गाडी चालवली कमी आणि पुसली जास्त, असं दिसतंय.

साइज पुढे २२५/४० आर१८, मागे २५५/३५ आर१८. सगळे रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे), त्यामुळे स्टेपनी नाहीच, ती ठेवायला जागाही नाही.

एका सर्व्हिस सेंटरने चार रनफ्लॅटचे दीड लाखाच्या वर सांगितले. माझी तयारी सत्तर हजारांची, फार ताणलं तर ऐंशी. एका दुकानदाराचं म्हणणं, "मागेही २२५ टाका, कोणाला कळतंय?" त्याचा सल्ला स्वस्त आहे, म्हणूनच भीती वाटतेय.

वापर म्हणाल तर ऑफिसला स्कूटर. ही गाडी रविवारी मुळशी-ताम्हिणी, कधी लोणावळा, वर्षातून तीन-चारदा एक्सप्रेसवेने मुंबई. शर्यती वगैरे काही नाही. एकदा पैसे घातले की चाळीस-पन्नास हजार किमी बघायला लागू नये, असा टायर कोणता? रनफ्लॅटच घ्यावेत का? मृग लागायच्या आत काम उरकायचंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

नाना_पेठेतला

बाकीचं नंतर बोलू. फुगा आलेला टायर आज काढ. फुगा म्हणजे टायरच्या भिंतीतले धागे तुटलेत आणि आता हवा फक्त वरच्या रबराने धरून ठेवलीय. त्याला ना पॅच लागतो, ना तो "थोडे दिवस चालेल" असतो. त्या टायरवर एक्सप्रेसवेला गेलास तर या चर्चेच्या धाग्याला उत्तर द्यायला तू नसशील.

आणि एक सांग, वर्षाला गाडी फिरते किती?

उघडं_छप्पर

काका, गाडी जागेवरच उभी केलीय. वर्षाला जेमतेम साडेतीन हजार किमी होतील.

नाना_पेठेतला

मग तुझा प्रश्नच उलटा आहे बघ.

पन्नास हजार किमी चालणारा टायर घेतलास तर तो संपायला तुला चौदा वर्षं लागतील. तोवर रबराचं लाकूड होणारच, आत्ता झालं तसंच. तुझ्या गाडीचा टायर झिजून मरणार नाही, वाळून मरणार. पाच वर्षं झाली की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यायचा आणि दहा वर्षांपुढे नक्षी कितीही असली तरी ठेवायचा नाही, असं टायर कंपन्याच सांगतात. आपल्याकडे उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला मी सहा-सात वर्षांच्या पुढे सोडत नाही.

टायरच्या बाजूला ट्रेडवेअरचा आकडा असतो, तो बघ. आकडा मोठा तर रबर टिकाऊ, लहान तर बहुधा मऊ आणि चिकट. साध्या फॅमिली गाडीच्या टायरवर पाचशेच्या आसपास किंवा वर दिसेल, चांगल्या स्पोर्ट्स टायरवर तीनशेच्या आसपास. हा आकडा कंपनी स्वतःच्या चाचणीवरून टाकते, त्यामुळे एका कंपनीचे ३०० आणि दुसरीचे ३०० सारखेच असतील असं समजू नकोस. पण तीनशेवाला टायर पंचवीस हजार किमी चालला तरी तुला सात वर्षं पुरतो. टिकाऊपणाचे पैसे तू भरू नकोस. ते पैसे ओल्या रस्त्यावरच्या पकडीला घाल.

घाटवेडी

काकांना +१. ताम्हिणीत जुलैमध्ये गाडी चालवलेल्या कोणालाही हे पटेल. कोरड्या रस्त्यावर सगळेच टायर शहाणे असतात.

रनफ्लॅटबद्दल माझा अनुभव सांगते. घरच्या सेदानला होते, तीन वर्षांपूर्वी काढून साधे ट्यूबलेस घातले. रनफ्लॅटची भिंत जाड आणि कडक असते, म्हणूनच हवा पूर्ण गेली तरी ताशी ८०च्या वेगाने ८० किमीपर्यंत गाडी नेता येते. पण तीच कडक भिंत खड्ड्याचा दणका जिरवत नाही, सरळ रिमकडे पाठवते. आमची दोन रिमं वाकली होती. साधे टायर घातल्यावर गाडी इतकी मऊ चालायला लागली की सासऱ्यांनी विचारलं, शॉकअब्सॉर्बर बदललेस का म्हणून.

आता दुसरी बाजू. स्टेपनी नाही म्हटल्यावर डिकीत पंक्चर किट आणि छोटा कॉम्प्रेसर हवाच. गाडीत टायरच्या हवेचा इशारा देणारी यंत्रणा आणि किट असेल तर ट्यूबलेस टायरच्या मोटारीला स्टेपनी सक्तीची नाही, हा नियम २०२० मध्येच आलाय. तेव्हा कायद्याची अडचण नाही. अडचण वेगळी आहे. किट फक्त खिळ्याच्या भोकाला चालतं. टायरची भिंत फाटली तर उपयोग शून्य, आणि ताम्हिणीत मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. टोइंगची सोय असलेला विमा घेऊन ठेवा. मी घेतलाय आणि एकदा वापरलाय. कुठे आणि का ते विचारू नका.

एक मात्र कटाक्षाने पाळा. एका ॲक्सलवर एक रनफ्लॅट आणि एक साधा असं कधीही करू नका. "तात्पुरता एकच बदलू" म्हणणारा दुकानदार भेटतोच.

बेरीज_वजाबाकी

मागेही २२५ टाकायच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण तो सल्ला अगदीच अडाणी नाही.

२२५/४० आर१८ मध्ये २२५ म्हणजे रुंदी मिमीमध्ये, ४० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के, १८ इंचाचं रिम. दोन भिंती मिळून १८० मिमी, अधिक रिमचे ४५७. चाकाचा व्यास झाला ६३७ मिमी. मागच्या २५५/३५ची बेरीज येते ६३६. म्हणजे व्यास जवळपास तोच, त्यामुळे एबीएस किंवा स्पीडोमीटर तक्रार करणार नाही. २२५चा टायर त्या रिमवर बहुधा बसेलही.

पण मागचा टायर रुंद ठेवलाय तो शोभेसाठी नाही. ताकद तिथेच उतरते. मागची पकड पुढच्यापेक्षा जास्त असेल तर गाडी हद्द ओलांडताना नाकाने बाहेर सरकते. तुम्ही ॲक्सिलरेटर सोडता, ती सावरते. मागची पकड कमी केलीत तर शेपूट आधी सुटते, आणि ती सावरायला जे हात लागतात ते आपल्यापैकी बहुतेकांकडे नाहीत. ओल्या घाटात तर नाहीतच.

आकड्यांपुढचं अक्षरही बघा. ९२वाय म्हणजे एका टायरवर ६३० किलो आणि ताशी ३०० किमीपर्यंतची क्षमता, डब्ल्यू म्हणजे २७०, व्ही म्हणजे २४०. आपल्या एक्सप्रेसवेची मर्यादा १०० आहे, हे मान्य. तरी गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर जे लिहिलंय त्याच्या खाली उतरू नका. विमेवाल्याला नकाराचं निमित्त कशाला द्या?

सतरा_इंची

मी वेगळं सुचवतो. १७ इंची रिमं शोधा आणि चारही बाजूंना २२५/४५ आर१७ घाला. व्यास ६३४, म्हणजे तोच. हा साइज कितीतरी सेदानना लागतो, त्यामुळे दुकानात पडून असतो, भावही उतरतो. भिंत उंच, खड्ड्यांना बरी. शिवाय चारही सारखे असल्याने पुढचे मागे फिरवता येतात. २५५/३५ आर१८ शोधता शोधता तुमचा मृग काय, हस्त लागेल.

बेरीज_वजाबाकी

पण मागे २२५च झाले ना हो! माझा मुद्दा तिथेच राहिला. शिवाय चांगली जुनी १७ इंची रिमं आणि ती ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाहीत हे बसवून बघायची यातायात. टायरमध्ये वाचवलेले पैसे रिममध्ये जाणार.

सतरा_इंची

चालवणारा मुळशीला कांदाभजी खायला जातोय, शर्यतीला नाही. खड्ड्याचा त्रास रोजचा, शेपूट सुटायची भीती वर्षातून एकदा.

घाटवेडी

ती एकदाच पुरते हो दादा.

नाना_पेठेतला

भांडू नका. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात. पण ज्याने मागच्या चाकांवरची ३०६ अश्वशक्ती विकत घेतलीय, त्याने मागचं रबर कमी करू नये, हे माझं मत.

आता खरेदीचं. २५५/३५ आर१८ दुकानात मांडलेला मिळत नाही, मागवावा लागतो. जून २०२० पासून टायरची आयात मुक्त राहिलेली नाही, परवाना लागतो. म्हणून अशा कमी खपाच्या साइजमध्ये ब्रँड मोजके आणि माल तुटक. चाकणला ब्रिजस्टोनचा कारखाना आहे म्हणून पुण्यात काही वेगळा भाव लागत नाही, हेही सांगून ठेवतो, लोक विचारतात. एक बरं झालंय, २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. कोणी जुन्या यादीवरून भाव सांगत असेल तर आठवण करून दे.

फोनवर भाव विचारताना पहिला प्रश्न "केवढ्याला" नको, "तारीख कोणती" विचार. चारही टायरच्या शेवटच्या चार आकड्यांचा फोटो मागव. तुझ्यासारख्याला तारीख म्हणजेच आयुष्य. सावलीत ठेवलेला सात-आठ महिन्यांचा टायर नवाच समज. दोन वर्षांचा असेल तर तुझी दोन वर्षं आधीच गेली, तेवढी सूट घे किंवा सोड. आयएसआयचा शिक्का बघ. दुकानदार "कंटेनरमधून आलाय" असं कौतुकाने सांगत असेल तर दोनदा बघ.

चारही एकाच मॉडेलचे घे. पैसे अगदीच कमी पडले तर मागची जोडी आधी, पुढची नंतर. पण नऊ वर्षांच्या लाकडावर पावसाळा काढायचा असं म्हणत असशील तर गाडी कव्हर घालून ठेव, त्याला खर्च नाही.

घाटवेडी

एक पुरवणी. जो टायर मनात आहे त्याच साइजचं युरोपातलं लेबल जालावर बघा. त्यात ओल्या पकडीला ए ते ई अशी श्रेणी असते. बीच्या खाली मी जात नाही. मात्र तेच नाव लावून आपल्याकडे वेगळा टायर विकला जात नाही ना, हे दुकानदाराकडून पक्कं करा.

उघडं_छप्पर

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी दिवसभर फिरलो, त्याचा अहवाल.

पहिल्या दुकानात भाव उत्तम होता. फोटो मागितल्यावर "माल गोडाऊनला आहे" झालं. दोनदा आठवण केल्यावर फोटो आला, तारीख साडेतीन वर्षांपूर्वीची. काकांचा प्रश्न आधी विचारला नसता तर मी पैसे भरून मोकळा झालो असतो.

दुसऱ्याकडे पुढची जोडी हजर होती, मागची मागवावी लागली. जपानी कंपनीचे साधे ट्यूबलेस, ट्रेडवेअर तीनशेच्या घरात, ओल्या पकडीला ए. चारही गेल्या दिवाळीनंतरचे. बसवणं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, नवे व्हॉल्व्ह धरून एकोणऐंशी हजार. ब्रँडचं नाव व्यनित (खासगी निरोपात) सांगतो, इथे लिहिलं तर ब्रँडयुद्ध पेटेल. नायट्रोजनचे वेगळे पैसे मागत होता. हवेत ७८ टक्के नायट्रोजन फुकट असतो म्हटल्यावर हसला आणि साधी हवा भरली. अलाइनमेंटवाल्याने जुने टायर आतल्या कडेने जास्त खाल्लेले दाखवले, तेही दुरुस्त करून घेतलं.

सतरा_इंची, तुमचा सल्ला मोहात पाडणारा होता. चांगली रिमं मिळाली असती तर कदाचित घसरलोही असतो.

बेरीज_वजाबाकी

घसरला असतात, हेच म्हणत होतो.

गाडीच्या मेनूत जाऊन हवेचा इशारा रीसेट करायला विसरू नका, नाहीतर ती जुन्याच चाकांचा हिशेब धरून बसेल.

नाना_पेठेतला

आणि लगेच घाटात पळवू नकोस. नव्या टायरवर साच्याचा गुळगुळीत थर असतो. पहिले दोन-तीनशे किमी जपून, पाऊस असेल तर जास्तच जपून.

उघडं_छप्पर

मग रविवारी आईला घेऊन नारायणपूरला जातो. आपोआप जपून चालवली जाईल. डबा तिच्या मांडीवर.