मदत हवी आहे : जुना मनुष्य मेला, तर पापाची ओढ का राहते?

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आम्ही बीडचे. माझा धाकटा भाऊ ऊसतोडीला जातो. बाप्तिस्म्यानंतर त्यानं दारू सोडली होती, पण फडावर परवा पुन्हा प्याला. आता म्हणतो, "ताई, माझं सार्वकालिक जीवन गेलं."

बायबलमधल्या रोमकरांस पत्र ६:६ मध्ये आपला जुना मनुष्य, म्हणजे पापाच्या ताब्यातला आपला आधीचा स्वभाव, ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळला गेला. मग त्याच पत्रात ७:१९ मध्ये ते लिहिणारा पौल स्वतः नको तेच करतो, ते कसं? मला वाटतं, पापाची सत्ता मोडली, ओढ उरते. ६:२३ मध्ये मरण हे पापाचं वेतन, तर सार्वकालिक जीवन हे देवाचं कृपादान, म्हणजे फुकट दिलेलं दान. त्याला तर सगळं मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीसारखं, फेडायचंच वाटतं. हे त्याला कसं समजावू? सोमवारी तो परत निघतोय.