मदत हवी आहे: १४६० चा 'कॅथोलिकॉन' कोश, सुटे खिळे की ओतीव ओळी?

नमस्कार मंडळी, ज्यांनी लेटरप्रेसवर हाताने खिळे (एकेका अक्षराचे धातूचे ठसे) जुळवलेत किंवा लायनोवर (अख्खी ओळ एकसंध ओतणाऱ्या यंत्रावर) काम केलंय त्यांची मदत हवी आहे.

'कॅथोलिकॉन' हा लॅटिन कोश जेनोआच्या योहान्नेस बाल्बुस या डॉमिनिकन साधूने १२८६ मध्ये पूर्ण केला. पहिले चार भाग व्याकरणाचे, पाचवा कोशाचा, शब्दाचा अर्थ काय आणि तो कशापासून आला. त्याच्या आधीच्या हुगुच्चो या कोशकाराने शब्द मुळांप्रमाणे लावले होते, म्हणजे मूळ माहीत नसेल तर शोधत बसा, बाल्बुसने त्यातलं बरंच घेतलं पण अक्षरक्रमाने लावलं आणि 'आमो' हा 'बिबो'च्या आधी का, 'आबेओ' हा 'आदेओ'च्या आधी का हे पण नीट समजावून सांगितलं. इतक्या काळजीने वाचकाचा विचार करणारा हा माणूस मला फार आवडतो.

आता अडचण. छापील प्रतीच्या शेवटी जर्मनीतलं माइन्ट्स शहर आणि १४६० साल दिलंय, बोरू-लेखणी न वापरता ठसे आणि साचे यांच्या अद्भुत मेळातून हे पुस्तक झालं असंही लिहिलंय, पण छापणाऱ्याचं नाव नाही, म्हणून युरोपात सुट्या खिळ्यांची छपाई सुरू करणाऱ्या गुटेनबर्गने छापलं का हा वाद अजून चालूच. त्यात प्रती निघतात तीन वेगवेगळ्या कागदांवर, आणि जलचिन्हांवरून (कागद उजेडात धरला की दिसणाऱ्या खुणांवरून) ते कागद साधारण १४६०, १४६९ आणि १४७२ चे ठरतात. जुळणी मात्र तीच! पुस्तक ३७३ पानांचं, दोन्ही बाजूंना छापलेलं, दर बाजूला दोन रकाने, रकान्यात ६६ ओळी. एवढा मजकूर बारा वर्षं जुळवून ठेवायला खिळे आणणार कुठून?

जुन्या छपाईचे अभ्यासक पॉल नीडहॅम यांनी १९८२ मध्ये मांडलं की खिळ्यांवरून दोन-दोन ओळींचे ओतीव ठोकळे केले असावेत आणि पुढे तेच परत वापरले, कारण ओळी सरकतात किंवा उलटसुलट होतात तेव्हा जोडीनेच होतात. त्याच विषयाच्या अभ्यासक लॉटे हेलिंगा यांना हे पटत नाही, त्यांच्या मते सगळं १४६९ च्या सुमारास छापलं गेलं. मला नीडहॅमचं जास्त पटतं, पण मी प्रेसमध्ये काम केलेलं नाही म्हणून विचारतोय.

सुट्या खिळ्यांच्या जुळणीत दोन ओळी अशा जोडीनेच सरकू शकतात का, म्हणजे फर्मा (छापायला चौकटीत घट्ट बसवलेली जुळणी) बांधताना किंवा दुरुस्ती करताना असं काही व्हायचं का? ओतलेल्या ओळी वर्षानुवर्षं ठेवल्या तर शिसं वाकतं किंवा झिजतं का, आणि ते छापलेल्या पानावर कसं दिसतं? आणि नुसतं पान बघून ओळ ओतीव आहे की सुट्या खिळ्यांची हे तुम्ही कशावरून ओळखता? ओळीतलं एखादंच अक्षर वर-खाली झालेलं दिसलं तर सुटे खिळे धरायचे का?

कुणाकडे जुन्या लायनोच्या ओळी अजून असतील तर प्लीज बाजूने काढलेला फोटो टाका.