दांडीवालं नेपाळी वाद्य: डम्फू की दुसरं काही?

प्रश्न:
संग्रहालयात एक नेपाळी चर्मवाद्य पाहिलं. पाटीवर फक्त ‘डफ, नेपाळ’. पण कातडं दोन्ही बाजूंनी ताणलेलं, खाली कोरीव लाकडी दांडी, टोकाला निमुळती. शेजारी वाकडी वेताची काठी. याला डम्फू म्हणायचं का?

प्रतिसाद १:
नाही हो, हा ढ्यांग्रो. झाँक्रीचं वाद्य, झाँक्री म्हणजे तिकडचा देवऋषी म्हणा. दांडी निमुळती का? ती फुर्बाच्या घडणीची असते. फुर्बा म्हणजे तिधारी पात्याचा विधीतला खिळा. वेताच्या काठीला गजो म्हणतात. आजाऱ्यासाठी बसला की झाँक्री हे वाजवतच देवतांना बोलावतो, अंगात येतं तेही याच ठेक्यावर. ‘डफ’ लिहिणाऱ्याने दांडीकडे पाहिलंच नसावं!

प्रतिसाद २:
वरच्यांशी सहमत. डम्फू तामाङ लोकांचा. गोल लाकडी कडं, एकाच बाजूला कातडं, बहुधा बकऱ्याचं, आणि कडेने ठोकलेल्या बांबूच्या खुंट्या. परंपरेने ३२, बुद्धाच्या ३२ लक्षणांशी नातं सांगतात. हाताने वाजतो, तामाङ सेलो गाणी त्याच्याशिवाय अळणी. डाँफे पक्ष्यावरून नाव पडल्याची कथाही आहे. मला ती फार आवडते, खरीखोटी कशीही असो.

प्रश्नकर्ता:
आभार! फोटो मोठा करून पाहिला. दांडीवर तीन चेहरे कोरलेत, एकाचं नाक झिजून सपाट. खुंटी एकही नाही.

प्रतिसाद १:
मग ढ्यांग्रोच. नाक बहुतेक हातात धरून धरूनच गेलं.