'स्टॅच्यूट'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

बोरूबहाद्दर
फौजदारी कायद्याची तोंडओळख करून देणारं एक प्रकरण मराठीत आणतोय आणि पहिल्याच पानावर अडलोय. मूळ वाक्याचा आशय असा: स्टॅच्यूट (म्हणजे संसदेनं किंवा विधिमंडळानं लिहून मंजूर केलेला कायदा) हा लॉ असतोच, पण सगळा लॉ स्टॅच्यूटमध्ये नसतो. दोन्हींना 'कायदा' म्हटलं की होतं, "प्रत्येक कायदा हा कायदा असतो, पण प्रत्येक कायदा हा कायदा नसतो." संपादिकाबाईंनी समासात नुसतं उद्गारचिन्ह काढून परत पाठवलंय. 'अधिनियम' घालावा तर पुढच्याच ओळीत ॲक्ट येतो, आणि तो तर अधिनियमच. पारिभाषिक कोशात 'संविधी' सापडला. प्रत्यक्षात कुणी वापरलाय का?

कोशकिडा
'संविधी' बरोबर आहे, विशेषण 'सांविधिक'. अडचण एवढीच की दहातले नऊ वाचक ते 'संविधान' वाचतात आणि उरलेला एक छपाईची चूक समजतो. गंमत म्हणजे विशेषणाला लोकांनी केव्हाच दुसरा शब्द पसंत केलाय, 'वैधानिक'. सिगारेटच्या पाकिटावर 'सांविधिक इशारा' कुणी पाहिलाय? विद्यापीठात गेलात तर तिथे स्टॅच्यूट म्हणजे 'परिनियम'. एका शब्दाची तीन घरं, आणि कुणी कुणाला ओळखत नाही.

पुढचीतारीख
वकिली करतो म्हणून लिहितो. फौजदारीत हा फरक नुसता शब्दाचा नाही. दिवाणीत रूढी चालते, जुने निवाडे चालतात, नुकसानभरपाईचा बराचसा भाग तर न्यायाधीशांनीच घडवलाय. गुन्ह्याचं तसं नाही. आपल्याकडे विधिमंडळानं किंवा संसदेनं आधी लिहून ठेवलं नसेल तर गुन्हाच नाही, मग कृत्य कितीही किळसवाणं असो. संविधानाचा अनुच्छेद २०(१) हेच सांगतो: कृत्याच्या वेळी जो कायदा अमलात होता त्याचा भंग झाला असेल तरच शिक्षा. आणि कलमाच्या शब्दांत खरोखर दोन अर्थ निघत असतील तर कल आरोपीकडे.
इंग्लंडात याच्या उलट. तिथे खुनाची व्याख्या आजही कुठल्या स्टॅच्यूटमध्ये नाही, ती निवाड्यांतून आलेली. शिक्षा तेवढी स्टॅच्यूटनं ठरवलेली. तुमचं मूळ पुस्तक इंग्रजी परंपरेतलं असेल तर ते वाक्य तिथे का आलं हे यावरून कळेल.
सुचवणी: 'विधिमंडळी कायदा'.

कोशकिडा
संसदेनं केलेला असेल तर? विधिमंडळ म्हटलं की मराठी वाचकाला मुंबई आणि नागपूरच दिसतं.

शाईचाडाग
'लिखित कायदा' म्हणा, संपलं.

पुढचीतारीख
नाही संपत. कायद्याखाली केलेले नियमही लिखित असतात, अधिसूचनाही लिखित. अनुच्छेद १३ मध्ये 'कायदा' या शब्दाच्या पोटात अध्यादेश, उपविधी, नियम, अधिसूचना, एवढंच काय, कायद्याचं बळ असलेली रूढीसुद्धा घातलीय. स्टॅच्यूट यातला फक्त एक तुकडा.

शाईचाडाग
अध्यादेशावरून आठवलं. साध्या शासन निर्णयाला बातम्यांमध्ये सर्रास 'अध्यादेश' म्हणतात. जीआर कुठे, राज्यपालांचा अध्यादेश कुठे! कक्ष अधिकाऱ्याच्या सहीनं निघालेल्या कागदाला यांनी थेट विधिमंडळाच्या पंगतीला बसवलं.

ओसरी
माझे वडील तालुक्याच्या कोर्टात कारकून होते. ते कधी अधिनियम म्हणाले नाहीत. 'आक्ट' म्हणायचे, विभक्तीसकट: "आक्टात बसत नाही", "आक्टाखाली अर्ज दिलाय". घरीसुद्धा. आईनं काही मागितलं की, "आक्टात बसत नाही." मला विचाराल तर हाच अस्सल मराठी शब्द आहे.

शुद्धमती
ओसरीताई, आठवण गोड आहे, पण म्हणून 'आक्ट' मराठी होत नाही. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राजव्यवहारकोश करून घेतला तो कशासाठी? फारसी शब्द काढून टाकण्यासाठीच ना? 'कायदा' हाही अरबीच. 'विधी' घ्या: विधिमंडळ, विधेयक, विधिज्ञ, सगळं एका कुळातलं.

शाईचाडाग
'विधी' म्हटलं की मला लग्नाचे विधी दिसतात, नाहीतर अंत्यविधी. भाषाशुद्धीवाल्यांनी कायद्याला 'निर्बंध' सुचवून पाहिलंच होतं. २०२० नंतर तो शब्द ऐकला की टाळेबंदी आठवते.

कोशकिडा
'कायदा' म्हणजे मुळात पाया, बैठक. 'अल कायदा'मधला तोच. 'कानून' तर ग्रीकांकडून अरबीत आणि तिथून इकडे. शुद्ध करायला बसलात तर 'कलम'ही जाईल, 'फौजदारी'ही जाईल आणि 'वकील'ही जाईल.

पुढचीतारीख
वकील गेला तर माझी हरकत नोंदवून घ्या.

बोरूबहाद्दर
मंडळी, वाक्य तसंच पडलंय. त्यात आणखी एक भर: 'स्टॅच्यूटरी बेल'. 'वैधानिक जामीन' चालेल?

पुढचीतारीख
चालेल, पण वाचकाला वाटेल बाकीचे जामीन अवैध. तो जामीन न्यायालयाच्या मर्जीवर नसतो. दोषारोपपत्र ६० दिवसांत, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त कैदेचा गुन्हा असेल तर ९० दिवसांत आलं नाही, आणि आरोपीची जामीन द्यायची तयारी असेल, तर तो हक्कच. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६७(२), आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं १८७(३). मी 'कायद्यानं मिळणारा जामीन' लिहीन.

ओसरी
कलमांचे आकडे बदलले त्याचं काय करायचं हो? "तीनशे दोन लागला" म्हणजे खुनाचा आरोप, हे गावात लहान पोरालाही कळायचं. आता १०३.

कोशकिडा
आणि जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या न्याय संहितेत ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूनं बोललेले शब्द! ५११ कलमांची ३५८ झाली, त्यात 'चारसोवीस' बेवारस झाला. फसवणूक आता ३१८ मध्ये. पण "तो अगदी तीनशे अठरा आहे" असं कुणी म्हणेल? स्टॅच्यूट रद्द होतो, शिवी रद्द होत नाही.
अवांतर: जुनी दंड संहिता १८६० चा ४५ वा अधिनियम, नवी २०२३ चा ४५ वा. योगायोग असावा.

शाईचाडाग
वाहिन्यांवर 'धारा ३०२' ऐकलं की कान तापतात. मराठीत धारा म्हणजे शेतसारा. नाहीतर पावसाच्या.

शुद्धमती
मग पुराव्याच्या नव्या कायद्याचं 'साक्ष्य अधिनियम' हे नाव कसं खपवून घेता? १८७२ चा जुना मराठीत 'पुरावा कायदा' होता. हिंदी नाव जसंच्या तसं आलं आणि इथे कुणी हूं की चूं केलं नाही.

पुढचीतारीख
आता मात्र तुमच्याशी सहमत. साक्ष माणूस देतो, पिंजऱ्यात उभा राहून. चाकू, कागद, मोबाइलमधली नोंद, हे सगळं पुरावा. मराठीत हा भेद स्पष्ट आहे, तो नाव बदलताना पुसला.

कोशकिडा
पण 'पुरावा' मराठीत सिद्ध झालेल्या गोष्टीलाही म्हणतात. "पुरावा दे" म्हणजे "सिद्ध कर". कायद्याला मात्र अजून पारखायचं बाकी आहे असं काहीतरी हवंय. त्या दृष्टीनं 'साक्ष्य' वाईट नाही.

शुद्धमती
अहो, संस्कृत शब्दाचं समर्थन तुम्ही करताय आणि 'पुरावा' मी वाचवतेय, हे काय चाललंय?

ओसरी
आमचे वडील 'साक्षीपुरावा' म्हणायचे. दोन्ही एकदम.

शाईचाडाग
त्यात तज्ज्ञाचा अहवाल कुठे बसवायचा, साक्षीत की पुराव्यात?

पुढचीतारीख
तज्ज्ञाला पिंजऱ्यात बोलावलं की साक्षीत. नाही बोलावलं तर यावर आमच्याकडे अख्खी दुपार भांडण होतं.